साडेसातचे कैलासवासी

संध्याकाळचे साडेसात वाजले की चंद्रशेखर धुरी भिंतीवर लटकायचे. म्हणजे स्वतः नव्हे हो, त्यांचा फोटो! कुठल्याशा मालिकेत नायिकेच्या कैलासवासी वडिलांचा म्हणून लावलेला. त्याला चंदनाचा हार, पुढे उदबत्ती, आणि समोर नायिका हुंदके देत उभी, "बाबा, आज तुम्ही असता तर!" आणि इकडे बाबा घणसोलीत, चौथ्या मजल्यावर, लुंगी लावून सोफ्यावर बसलेले. चहात खारी बुडवून म्हणणार, "पोरगी आज बरी रडली."

चाळीस वर्षं काढली या माणसाने सिनेमात. महाप्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. रजा टाकायची आणि शूटिंगला पळायचं. वाट्याला कायम बाप आला, तोही मरणारा. इंटरव्हलच्या पलीकडे जगलेला एक बाप नाही मिळाला त्यांना. हार्ट अटॅकने मेले, गोळी लागून मेले, लेकीच्या लग्नात ऐन अक्षता पडताना मेले. सगळी मिळून त्रेसष्ट मरणं, आणि एकदाही रिटेक नाही. "धुरींना मारायचं असलं की रीळ वाचतं," असं निर्माते म्हणायचे. आता याला कौतुक म्हणायचं की काय, देव जाणे. धुरी आपले कौतुक समजून चालायचे.

पुढे वय झालं आणि फोन यायचे थांबले. नऊ वर्षं कॅमेऱ्यासमोर एक वाक्य नाही. अशात दोन वर्षांपूर्वी अचानक हा फोटो झळकला. कुणीतरी सामान पुरवणाऱ्याच्या गोदामातून उचलला असणार. माणूस आहे की गेला, कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

"अहो, धडधडीत जिवंत माणसाच्या फोटोला हार?" सत्यभामाबाई पहिल्याच दिवशी कडाडल्या. "फोन करा त्यांना!"

"अगं, मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. माझं तर रोज साडेसातला वाढतंय."

बाईंनी तोंड वाकडं केलं आणि त्या आत निघून गेल्या. खरी गोष्ट अशी की धुरींना ते आवडत होतं. नटाची जातच मेली अशी. मेला तरी चालेल, पण दिसला पाहिजे.

हे असंच चाललं असतं, पण संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बी विंगमध्ये नव्याने राहायला आलेली शालन पहिल्यांदाच त्यांच्या घरी आली. हॉलमध्ये धुरींचा तोच फोटो होता, फक्त हाराशिवाय. शालन मालिकेची पक्की भक्त. तिने फोटोला भक्तिभावाने हात जोडले. सत्यभामाबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. आता हिने उलट बाईंना लावायचं, तर हिचं कुंकवाचं बोट मध्येच थांबलं.

"काकू, तुमाला... चालतं ना?"

"काय चालतं?"

"नाही म्हणजे... काका..."

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि कमरेला टॉवेल गुंडाळलेले काका बाहेर आले. "भामे, माझा बनियन कुठाय?"

शालन अशी काही किंचाळली की खालच्या वॉचमनने शिटी मारली. कुंकवाचा करंडा हातातून उडाला, फरशी लालेलाल झाली आणि बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. सत्यभामाबाई मात्र हसल्या नाहीत. सगळ्या गेल्यावर फरशी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "कुंकवाचं सोडा. विधवा असते तरी मी लावलंच असतं, कोण अडवतंय बघते! पण नवरा घरात बनियन शोधत फिरतोय आणि लोकांनी माझी कीव करायची? मी नाही खपवून घेणार. उद्या जा आणि तो हार उतरवूनच या."

या सुरात बाई बोलल्या की धुरींचं काही चालत नसे. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट चढवून ते निघाले. मालिकेचा सेट महाप्यालाच होता, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. दारातच मैत्री नावाची असिस्टंट कागद चाळत उभी होती. तिने मान वर केली, कागद खाली पडले, आणि ती आत धावत सुटली, "सर! सर, बाबा आलेत!"

मग काय विचारता! मेकअपवाला आला, लाइटवाले आले, दोघा-तिघांनी वाकून नमस्कारही केला. दिग्दर्शक निशांत, तिशीचा पोरगा, कानाच्या पाळीला हात लावत म्हणाला, "सॉरी काका. आम्हाला वाटलं तुम्ही..."

"गेलो," धुरींनी वाक्य पुरं केलं.

नायिका झालेली क्षिप्रा तर जवळ येऊन नुसती बघत राहिली. "काका, दोन वर्षं रोज तुमच्याशी बोलतेय मी. लाइटिंग चालू असताना माझ्या घरचं पण सगळं सांगितलंय तुम्हाला," ती हळूच म्हणाली.

धुरींनी घसा खाकरला. आता हाराचं काढायचं. तेवढ्यात निशांतने टाळी वाजवली. "स्वप्न! बाबा हिच्या स्वप्नात येणार! परवा शूट करू. दोन वाक्यं देतो, काका."

दोन वाक्यं! नऊ वर्षांनी! हाराची गोष्ट चहाच्या घोटाबरोबर जी पोटात गेली, ती वर आलीच नाही.

घरी येऊन त्यांनी एका दमात सांगून टाकलं. बाईंनी एवढंच विचारलं, "आणि हार?"

"राहील. कथेत बाप मेलेलाच आहे ना गं."

रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं, आणि ते मागायची धुरींची छाती झाली नाही.

दुसरा अख्खा दिवस घरात एकच जप. "पोरी, मी आता या जगात नाही. पण तू खंबीर रहा." आंघोळ करताना तेच, गॅलरीत तेच. दारावर आलेल्या भाजीवालीलाही ऐकवलं, तर ती म्हणाली, "बाबा, बरं हाय ना तुमचं?" शूटिंगच्या सकाळी बघतात तर सत्यभामाबाई नारायणपेठी नेसून तयार.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. राहू दे तो हार मेला. नऊ वर्षांनी बोलणार आहात, मला ऐकायचंय."

धुरींनी उगाचच दोनदा चष्मा पुसला.

सेटवर बाईंना मॉनिटरशेजारी प्लास्टिकची खुर्ची मिळाली. धुरींना पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि भोवती धूर. क्षिप्रा समोर येऊन उभी राहिली. ॲक्शन!

"पोरी, मी आता या जगात..." आणि धुरी थांबले.

पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच गाडी अडली. त्रेसष्ट मरणं एका टेकमध्ये देणारा माणूस सहा रिटेक खाऊन बसला! सेटवर कुजबुज सुरू झाली, मैत्री पाणी घेऊन आली, निशांत घड्याळ बघायला लागला. आदल्या दिवशी घोकलेलं वाक्य बाईंना पाठ होतं. नवऱ्याला मदत म्हणून त्या खुर्चीत बसून त्याच्याबरोबर ओठ हलवत होत्या. "या जगात"पर्यंत ओठ हलायचे आणि पुढच्या शब्दाला घट्ट मिटायचे. धुरींना धुरातूनही ते दिसत होतं.

आठव्या टेकला ते म्हणाले, "पोरी, मी आहे. इथेच आहे मी."

"कट!" निशांतने कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही मेलायत!"

"माहीत आहे रे बाबा. मरायचं मला तू शिकवू नकोस. पण समोर ती बसलीये ना. तिच्यासमोर कधी मेलो नव्हतो मी."

बाईंनी पदर तोंडाला लावला होता. क्षिप्रा डोळे पुसत सरळ भिंतीकडे गेली, तिने फोटोवरचा हार उतरवला आणि मैत्रीच्या हातात दिला. "सर, हे जिवंत उभे आहेत समोर. आता या फोटोपुढे उदबत्ती लावणं मला जमणार नाही."

निशांतने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा धुरींकडे, आणि मग घड्याळाकडे. शिफ्ट संपत आली होती. "ठीक आहे. स्वप्न कॅन्सल. आर्टवाल्यांना सांगा, उद्यापासून भिंतीवर दुसरे बाबा लावा." तो वाईट नव्हता हो. त्याला रोजचा एपिसोड द्यायचा होता, एवढंच.

रिक्षात बाई म्हणाल्या, "माझ्यापायी गेली ना तुमची दोन वाक्यं?"

"एक तर बोललो," धुरी म्हणाले. पण घर येईपर्यंत ते बाहेरच बघत होते.

त्या आठवड्यात बाईंच्या मागणीप्रमाणे सगळं झालं. हार उतरला, शालन येऊन माफी मागून गेली. घरात मात्र साडेसातला टीव्ही लागेनासा झाला. शेवटी शनिवारी सत्यभामाबाईंनीच चहा केला, खारी काढली आणि स्वतः रिमोट दाबला.

भिंतीवर नवा बाप होता. भरघोस मिशा, हसरा चेहरा, गळ्यात तोच चंदनाचा हार. क्षिप्रा हुंदका देत म्हणाली, "बाबा, आज तुम्ही असता तर!"

धुरींना लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच लागलं. चाळीस वर्षांची जागा, भिंतीवरची का होईना, दुसऱ्याची झाली होती. खारीचा तुकडा चहात विरघळून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "चेहरा चांगला आहे हं," ते म्हणाले.

बाईंनी त्यांचा हात धरला आणि चष्मा नाकावर सरकवून त्या मिशाळ माणसाकडे निरखून बघितलं.

"अहो, जिवंत असेल का हो हा?"

"काय माहीत."

"मग बसलात काय? फोन लावा त्या मैत्रीला. याच्या बायकोचा नंबर घ्या."