चिमीच्या वजनाचा गूळ

रुक्मिणीबाईंच्या मांडीवर चार लेकरं वाढली होती. त्या मांडीला कुणी नावं ठेवलेली त्यांना कशी खपावी? आणि नावं ठेवत कोण होता, तर त्याच मांडीवर वाढलेला ज्ञानेश! चाकणच्या एका कंपनीत सीटबेल्ट तपासायच्या कामाला लागल्यापासून त्याला भलतंच शहाणपण सुचू लागलं होतं. नऊ महिन्यांच्या चिमीसाठी त्यानं मोटारीत बांधायची खुर्ची आणली. पोरीला पट्ट्यांनी आवळून बसवायचं म्हणे! तान्ह्या जिवाला कुणी असं जखडतं का?

चिमी न्यूमोनियातून उठली तेव्हा आजी नवस बोलली होती, पोरीच्या भारंभार गूळ वाटीन. तो फेडायला सगळे रावेतहून खेडच्या पुढं कुलदैवताला निघाले. रुक्मिणीबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि चिमीला मांडीवर घेतलं. खुर्ची मागं सुनेच्या, वर्षालीच्या शेजारी रिकामीच राहिली.

"आई, गाडी कुठं धडकली तर मांडीवरचं पोर सिमेंटच्या पोत्याएवढं जड होतं. हातात राहत नाही."

"मपल्या नातीला पोतं म्हणतो व्हय रं?"

"अगं, निसर्गाचा नियम आहे. गाडी थांबते, पोर थांबत नाही."

"तुजा नियम ठेव कंपनीत. आजीच्या हातातनं पोर सुटत न्हाई."

ज्ञानेशनं वर्षालीकडं आरशातून पाहिलं. तिनं नजर खिडकीबाहेर वळवली, सासूपुढं कोण बोलणार? रस्ताभर तो जीव मुठीत धरून गाडी चालवत राहिला.

देवळात तराजूच्या एका पारड्यात चिमीला बसवलं, दुसऱ्यात गुळाची ढेप ठेवली. गुळाचे थोडे खडे वर टाकले आणि काटा मधोमध आला. आठ किलो.

"बघ की," रुक्मिणीबाईंनी लेकाला डिवचलं, "कुठं हाय तुजं सिमेंट?" ज्ञानेशलाही हसू आलं.

गूळ रावेतला नेऊन सोसायटीत वाटायचा होता. पण देवाचा गूळ पायाशी ठेवायचा नाही, डिकीत तर नाहीच नाही. तो नवस बोलणारीच्याच मांडीवर हवा, आणि ती मांडी तर एकच. रुक्मिणीबाईंनी नव्या कापडात ढेप घट्ट बांधून घेतली आणि कुरकुरत म्हणाल्या, "घाल पोरीला त्या तुज्या खुर्चीत. आजच्यापुरतं."

चाकणच्या अलीकडं गाड्यांची रांग लागली होती. पुढच्या टेम्पोनं खड्डा पाहून कचकन ब्रेक मारला. ज्ञानेशनंही मारला, पण गाडी सरकत जाऊन टेम्पोला धडकलीच. धडक काही फार मोठी नव्हती. एअरबॅगही उघडली नाही.

रुक्मिणीबाईंना एवढंच कळलं, की छातीवर पट्टा कचकन आवळला आणि पोटाशी दोन्ही हातांनी कवटाळलेली ढेप आता तिथं नव्हती. कुणीतरी हिसडा देऊन ती ओढून नेली होती. समोरच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते आणि फुटलेला गूळ त्या तड्यांत रुतून बसला होता.

मागं चिमी दचकून जागी झाली आणि भोकाड पसरलं. पट्ट्यांत ती जशीच्या तशी होती.

"आई, लागलं का?" ज्ञानेश ओरडला.

त्यांना ऐकूच गेलं नाही. त्या आपल्या हातांकडं पाहत होत्या. ढिले धरले नव्हते. देवाचा गूळ म्हणून बोटांत बोटं अडकवून, जीव एकवटून धरला होता. चिमीला सकाळी धरलं होतं, त्याहून घट्ट.

टेम्पोवाला शिव्या देत खाली उतरला. खिडकीतून बाईंचा चेहरा पाहिला आणि आल्या पावली मागं फिरला.

वर्षालीनं चिमीला सोडवून बाहेर आणलं. आजी दिसताच पोरीनं रडणं थांबवलं आणि हात पसरून त्यांच्याकडं झेप घेतली. आजवर ती झेप रुक्मिणीबाईंनी कधी रिकामी जाऊ दिली नव्हती.

त्यांनी हात पदराखाली ओढून घेतले.

"आई, घ्या ना हिला," वर्षाली म्हणाली.

"नगं, माजे बाई, माज्याकडं नगं देऊस." त्यांची नजर काचेतल्या गुळावरून हटत नव्हती. "काटा बरोबर मधी आला व्हता गं. आन् सकाळी हितं ही व्हती."