कम्प्युटरातली निगेटिव्ह एनर्जी

त्या मंगळवारी संध्याकाळी आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध टेबलावर संगणक, त्याच्याभोवती खड्या मिठाचं रिंगण, डब्याला गुंडाळलेली तांब्याची तार, आणि सगळ्यावर एक निळी चादर. चादरीच्या आत डोकं घालून जितूभाऊ बसले होते. आतून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

"कोणी बोलू नका! लहर तुटते!" चादरीतून आवाज आला.

चाळीस माणसं चिडीचूप. टकटक थांबली, चादर झर्रकन ओढली गेली आणि पडद्यावर निळं आकाश, ओळीनं चिन्हं, खालची पट्टी, सगळं जागच्या जागी! अशा टाळ्या पडल्या की जणू कोणाचा मुलगा कलेक्टर झाला असावा.

मी एकटा कोपऱ्यात धुमसत होतो. मी आनंदराव, निवृत्त विज्ञान शिक्षक. हा संगणक बसवला मीच. सदर भागातल्या एका कार्यालयानं जुना म्हणून दिलेला डबा, त्यावर विंडोज रांगत चाले. म्हणून मी तीन रविवार खपून लिनक्स टाकलं आणि त्यावर एक हलकासा डेस्कटॉप चढवला. लिनक्स म्हणजे आतलं यंत्र आणि डेस्कटॉप म्हणजे त्याचा चेहरा. तो वेगळा बसवावा लागतो. बसला तेव्हा माझी छाती काय फुगली होती! पुढे त्याची देखभालही करावी लागते, हे माझ्या गावीही नव्हतं.

दीड-दोन वर्षं चाललं, आणि मग ते विचित्र दुखणं सुरू झालं. पासवर्ड चुकीचा दिला तर यंत्र सरळ सांगे, चुकला. बरोबर दिला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा पासवर्ड विचारी. अभ्यासिकेची चावी सांभाळणारा गोविंदा म्हणाला, "सर, आत कोणीतरी बसून राहिलं. दार उघडते आन् आपल्याले भाईर फेकते."

इथेच जितूभाऊ शिरले. आमची वस्ती छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून देवदेवस्की सोडलेली. इथे लिंबू-मिरची घेऊन कोणी आला असता तर लोकांनी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं असतं. पण जितूभाऊ हुशार. सदरमध्ये मोबाइल दुरुस्ती केलेला माणूस. आल्या आल्या म्हणाले, "देव झूठ! भूत झूठ! मी पण नाही मानत. पन निगेटिव्ह एनर्जी? एनर्जी तर सायन्स हाय ना, सर?"

एकतीस वर्षं मी एनर्जी शिकवली आणि ही पाळी माझ्यावर! म्हटलं, "ही शुद्ध भंपकगिरी आहे."

"मग तुमी करा ना चालू."

"करतो. मला सगळं कळतं त्यातलं. दोन दिवस द्या."

दोन दिवस मी बटणं बडवली. काही हललं नाही. तिसऱ्या दिवशी मिठाचं रिंगण पडलं.

टाळ्या थांबल्या तशी वस्तीतली सिंधूताई पुढे आली. जीव तिचा टांगणीला लागला होता. तिची आई, यमुताई, बारा वर्षांची असताना खापा गावाहून पांढरं लुगडं नेसून त्याच दीक्षेला चालत आली होती. ती सगळी वाट, सोबतची माणसं, रस्त्यात कोणी पाणी दिलं, कोणी नाही, हे म्हातारीनं सहा तास सांगितलं आणि नातीनं, नंदिनीनं, ते मोबाइलवर व्हिडिओत टिपलं. मोबाइल भरला म्हणून ते अभ्यासिकेच्या संगणकात ठेवून मोबाइलमधून काढून टाकलं. पुढे म्हातारी गेली. आता बारा दिवसांनी, रविवारी, तिचा पहिला स्मृतिदिन होता आणि सिंधूताईला ते विहारात सगळ्यांना दाखवायचं होतं.

"आईचं लाव वं नंदिनी," ती म्हणाली.

नंदिनीनं शोधलं, पुन्हा शोधलं. "आई, फोल्डरच नाही हाय."

जितूभाऊंनी डोळे मिटले. "एनर्जी खाली हात नाही जात, मावशी. जिथं जीव गुंतला असते, तेच घेऊन जाते. पन मी परत आणतो. त्या रविवारपर्यंत मशीन बंद कराची नाही. क्लास, अभ्यास, सब चालू ठेवा. लहर फिरत राह्यली पाह्यजे."

जन्मात कोण्या बाबापुढे न वाकलेली सिंधूताई त्याच्यापुढे वाकली. दोन दिवस फुकट घालवलेला मी त्याला कोणत्या तोंडानं अडवणार?

अकरा दिवस मशीन चालू राहिली. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं रोजचा ऑनलाइन क्लास बघत आणि तो आपोआप साठवला जाई. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, यंत्रानं पुन्हा सगळ्यांना बाहेर फेकलं. जितूभाऊ आले, मीठ आलं, गर्दी जमली. त्या गर्दीत गोविंदाची पुतणी हिमानी होती. ती जवळच्याच बुटीबोरीच्या एका कारखान्यात संगणक सांभाळते, कार्यक्रमासाठी आली होती.

"चादर काहून लागते?" तिनं विचारलं.

"बेटा, लहर..."

"काढा म्हणते ना!" तिनंच ओढली. तीन बटणं एकदम दाबली. काळा पडदा, पांढरी अक्षरं. "पाहा. मशीन ठणठणीत आहे. चेहरा तेवढा उठून नाही राहिला." एक ओळ टाइप केली. उत्तर आलं: जागा शंभर टक्के भरलेली.

ती लोकांकडे वळली. "डेस्कटॉपले उठताना थोडं लिहून ठेवावं लागते. लिहाले जागाच नाही, म्हणून तो पडते, अन् दार पुन्हा समोर येते. कोणी बसलं नाही आत. घरात सामान कोंबलं तर माणूस शिरन कुठून?"

तिनं क्लासच्या फायली पेनड्राइव्हवर हलवल्या. निळं आकाश हजर. "आता एनर्जी बोलावू परत?" म्हणत तिनं नुसत्या शून्यांची एक भलीमोठी फाईल बनवून जागा भरली. यंत्रानं फेकलं बाहेर! फाईल पुसली. आलं आत! तीनदा केलं. लोक पोट धरून हसले.

जितूभाऊ म्हणाले, "मी तेच करत होतो. माझी पद्धत थोडी वेगळी."

"तुमची पद्धत मशीननं लिहून ठेवली आहे." तिनं मागच्या आज्ञांची यादी काढली. सर्वांत मोठं फोल्डर कोणतं, हे त्यानं विचारलं होतं. खालच्या ओळीत ते पुसलं होतं. फोल्डरचं नाव होतं, आजी.

जितूभाऊ कधी सटकले, कळलं नाही. मी खुशीत होतो, अगदी लहान पोरासारखा. तेवढ्यात सिंधूताई म्हणाली, "म्हंजे तेनं पुसलं? तर आण ना वं पोरी, परत."

हिमानी दोन तास खपली. मग खुर्ची मागे सरकवली. "मावशी, पुसलेलं लगेच जात नाही. ती जागा फक्त रिकामी धरल्या जाते. त्याच दिवशी मशीन बंद केली असती, तर आलं असतं. अकरा दिवस रोजचे क्लास त्याच जागेवर लिहिल्या गेले. आजीचं काही नाही उरलं."

रविवारी सिंधूताई विहारात उभी राहिली. आईनं सांगितलेलं आठवेल तसं सांगू लागली. वाटेतली नावं तिला आठवेनात. एकदा नंदिनीकडे पाहिलं, तिलाही आठवेनात. दहा मिनिटांत ती खाली बसली.

पायऱ्या उतरताना ती माझ्याजवळ थांबली. "सर, तो तर लबाडच होता. पन तुमी शिकलेले ना? तुमाले नव्हतं समजत, तर नाही समजत म्हणाचं. मी हिमानीले तेव्हाच बोलावलं असतं. पोरगी बुटीबोरीलेच तर होती."

तिचं खरं होतं. म्हणून ही गोष्ट लिहिली. भोंदूला भोंदू म्हणणं सोपं आहे, ते मी छाती ठोकून केलं. पण यंत्र बिघडलं, अंगात ताप भरला, पोर गप्प झालं, आणि कारण कळत नसलं, तर मोठ्यानं म्हणा की मला माहीत नाही. मग ज्याला माहीत आहे त्याला बोलवा, आणि तो येईपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नका. यात कमीपणा काही नाही. मी हे तीन शब्द म्हणालो असतो, तर यमुताईची खाप्यापासूनची वाट आज तुम्हाला तिच्याच तोंडून ऐकता आली असती.