दोन दिवस बंद केलेलं सिरप

त्या दिवशी भरल्या मांडवात, सोयऱ्याधायऱ्याईच्या देखत, म्या माह्या लहान भावाच्या थोबाडीत हानली. पन्नाशीचा मानूस तो, अन् त्याच्याच पोरीचं साक्षगंध, म्हंजे साखरपुडा होता. मी शकुबाई, त्याची सख्खी मोठी बहीन. सांगाले लाज वाटते, पन सांगाच लागते.

किसना घाटंजीले जिनिंगवर कापसाचा काटा करे, अन् संध्याकाळ झाली का दारू ढोसे. भावजय वारल्यापासून त्याचं घर माह्याच हाती. दीड वर्षाआधी डाक्टरनं लिव्हर सुकलं म्हनून सांगतलं, तवा त्यानं प्रेरणाच्या डोक्यावर हात ठेवला. म्हने, "पोरी, तुह्या साक्षगंधात मी शुद्धीत बसन." अन् खरंच, तवापासून थेंब नाही. माह्या मनाचा मात्र भरवसा नव्हता. सुंभ जळते पन पीळ जात नाही, हेच मी गावभर म्हनत फिरत होती.

साक्षगंधाले बारा दिवस राह्यले अन् त्याले रक्ताची उलटी झाली. तसंच उचलून यवतमाळले नेलं. दुर्बीन टाकून फुटलेल्या नसेले रबर बांधलं, रक्त थांबलं. घरी सोडतानी डाक्टरीन बाईनं मले समोर बसवलं.

"आत्याबाई, पोटात उतरलेलं रक्त सडतं, त्याचं विष होतं. यांचं लिव्हर ते गाळत नाही, ते डोक्यात चढतं. म्हणून हे गोड सिरप. दिवसातून दोन-तीनदा पातळ संडास झालीच पाहिजे. ती बंद झाली, काळी झाली, की माणूस बरळायला लागतो. तसं झालं तर लगेच आणा. मनानं काही बंद करू नका."

म्या मुंडी हलवली. समजलं होतं मले, न समजाले का झालं होतं!

पन आमचा संडास आंगनात, अन् मांडव त्याच्या पुढ्यातच. मारेगावचे, नवऱ्याकडचे पाव्हने पंगतीत बसतीन अन् नवरीचा बाप बाल्टी घेऊन त्यायच्या मधातून पळन, हे काही माह्या डोयापुढून हटे ना. दोन दिवस आधी म्या सिरपची शिशी फडताळात मांगं सारली अन् मेडिकलमधून संडास बांधाची गोळी आनून देल्ली.

"बाई, डाक्टरीन बाई नाही म्हने ना वो," किसना म्हनला.

"दोन दिवसानं काही मरत नाही तू."

दुसऱ्या दिवशी हळूच आला. "बाई, एकडाव झाली, पन काळी झाली."

"गप रे! पाव्हन्यायनं भरलेल्या घरात हे काय बोलनं!" मी खेकसली. तो बिचारा तसाच मांगं फिरला.

साक्षगंधाच्या दिवशी दुपारपर्यंत त्याले झोपच झोप. उठवून सदरा घातला त गुंड्या खालीवर. याही सदाशिवराव, प्रेरणाचे होनारे सासरे, समोर आले, त्याईनं नारळ देल्ला, त किसनाचे हात फडफडाले लागले. नारळ पडला. अन् हा म्हनते कसा, "कापूस ओला हाये. काट्यावर घेत नाही मी."

कोनी तरी मांगून हासलं. "आजही लावूनच आला का?"

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षाचा राग म्या त्याच्या गालावर काहाडला. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होतास ना रे, बेशरमा!"

तो मले पाह्यत राह्यला, मंग खाली बसला अन् तसाच लवंडला. प्रेरणा धावली. तिनं बापाच्या तोंडापाशी नाक नेलं अन् माह्याकडे पाह्यलं. "आत्या, वास नाही. सिरप देत होतीस ना?"

"देत होती," म्या म्हनलं.

दवाखान्यात डाक्टरीन बाईनं इचारलं, "औषध कधी बंद केलं?" तिथंही माही जीभ खोटीच बोलली. "हा कोनाचं आयकते का, बाई!" बेशुद्ध मानसावर ढकललं म्या. आग लागो माह्या तोंडाले.

एनिमे देल्ले, नाकातून नळी टाकून तेच सिरप देल्लं. तिसऱ्या दिवशी त्यानं डोये उघडले, त खाटेपाशी सोयऱ्याईची दारूचीच कुजबुज चालली होती. सदाशिवराव भेटाले आले होते, खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यायले पाहून किसनानं हात जोडले. मंग प्रेरणाकडे वळला.

"पोरी, मले काहीच आठवत नाही. पन सगळे म्हनतात, त पेलोच असन मी. माफ कर मले. शब्द नाही पाळला म्या."

प्रेरणा रडाले लागली. सदाशिवराव खाली पाह्यत होते. मी गप राह्यली असती त कोनालेच कळलं नसतं.

"नाही पेला तू," म्या म्हनलं. "याहीबुवा, थेंब नाही घेतला यानं. सिरप म्या बंद केलं. संडासची लाज वाटली मले. काळी झाली म्हनून यानं सांगतलं, तरी म्या त्यालेच दाबलं."

मले वाटलं, आता थुकन हा माह्या तोंडावर. थुकला असता त बरं झालं असतं.

पन त्यानं माहा हात धरला, ज्या हातानं मारलं होतं तोच. डोये भरून आले होते त्याचे.

"बाई, खरं सांग," तो म्हनला. "खरंच नाही ना पेलो मी?"