कार्डिफचा वारा

"तुम्ही लोकांपासून लपवताय. टोर्नेडो होतात आणि तुम्ही नकाशा हिरवागार रंगवून ठेवता. उद्या कुणाचं छप्पर उडालं तर जबाबदार कोण?"

नकुल हवामानाच्या हेल्पलाइनवर इंग्रजीत भांडत होता. पलीकडच्या बाईने त्याला थांबायला सांगून पियानोची धून लावून दिली. त्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि लंडनच्या वेम्बलीतल्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये पुन्हा येरझारा सुरू केल्या. खिडकी, सोफा, खिडकी. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.

त्याची बायको मालविका लॅपटॉपसमोर बसली होती. वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलने तिला कन्सल्टंट डॉक्टरची पोस्ट देऊ केली होती. आज पाच वाजेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आठवडाभरात नकुल एकदाही 'नाही' म्हणाला नव्हता. तो फक्त हवामान बघत होता. आधी पाऊस निघाला, मग पूर, काल समुद्राची पातळी. आज हे. त्याची स्वतःची नोकरी लॅपटॉपमध्ये होती, आणि लॅपटॉप कुठेही उघडतो. पण ते बोलायचं नाही, असं घरात न ठरवता ठरलं होतं.

"ब्रिटनमध्ये दरवर्षी टोर्नेडो होतात, माहितेय तुला? वेल्समध्येसुद्धा."

"होतात. कचऱ्याचे चार बिन्स उडवतात आणि जातात."

"जोक नाहीये हा. फॅमिली घेऊन जायचंय."

"फॅमिली म्हणजे तू, मी आणि तुझी पाठदुखी."

नकुल हसला नाही. त्याने आपला लॅपटॉप तिच्याकडे वळवला. नकाशावर लाल ठिपके होते. मालविकाने वाकून पाहिलं आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा कुठला?"

"जुना आहे तो."

"केन्सल राइज, लंडन. दोन हजार सहा." तिने पुढचं वाचलं. "छपरं उडाली होती. माझी अठरा नंबरची बस तिथल्याच रस्त्याने जाते, नकुल."

त्याने दोन बोटांनी वेल्स मोठं केलं. इतकं मोठं की लंडन स्क्रीनच्या बाहेर गेलं.

"बरं, टोर्नेडोचं सोड. आईचं काय? इथे तिला देऊळ आहे, ईलिंग रोडचा आपला बाजार आहे. तिथल्या दमट हवेत तिच्या गुडघ्यांचं काय होईल?"

किचनमधला भांड्यांचा आवाज थांबला. नकुलची आई, मधुमती, दरवर्षी नाशिकहून सहा महिने त्यांच्याकडे राहायला यायची.

मालविकाने ईमेल उघडली आणि लिहायला लागली. 'आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे, पण...' तिचा चेहरा ओपीडीत वाईट रिपोर्ट सांगताना असायचा तसा झाला होता. स्वच्छ, कोरडा.

मधुमती बाहेर आली ती हातात तांदळाचा मोठा स्टीलचा डबा घेऊन. तांदूळ नव्हते त्यात. आत मधला डबा, त्याच्या आत छोटा, फटींमध्ये पायमोजे कोंबलेले. तिने तो सोफ्यावर ठेवला आणि त्याला टॉवेल गुंडाळू लागली.

"आई, हे काय?"

"डब्यात डबे बसवले की जागा वाचते."

"अजून काही ठरलं नाहीये."

"तुझं नसेल ठरलं." तिने टॉवेलची गाठ मारली. "आणि माझे गुडघे मध्ये आणू नकोस. ते कुठे न्यायचे ते माझं मी बघेन."

"अगं, तुला कळत नाही. रिस्क असते. ती आधी बघावी लागते."

"बघावी ना. कोण नको म्हणतंय?" ती डब्याशेजारी बसली, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "तुझ्या बाबांची चंद्रपूरला बदली झाली तेव्हा मे महिना होता. डांबर चपलेला चिकटायचं. मला सातवा होता, तू होतास पोटात. ट्रक दाराशी लागला तेव्हा मला कळलं की आपण निघालोय. असेच डबे भरले होते मी."

"तेव्हाचं वेगळं होतं, आई."

मालविकाचं बोट एका बटणावर येऊन थांबलं होतं. तिने ते दाबून धरलं. स्क्रीनवरची अक्षरं मागून पुढे एकेक करत पुसली जाऊ लागली.

पियानो बंद झाला. फोनमधली बाई म्हणाली, "हॅलो सर, थांबल्याबद्दल आभार. तुमचा प्रश्न नक्की काय होता?"

नकुल फोनकडे झेपावला. मधुमतीचा हात आधी पोचला. तिने कॉल कापला आणि फोन पदराखाली, मांडीवर ठेवला.

"तिला मागाहून विचार. आधी मला सांग. हिने पुणं सोडलं, तिथलं हॉस्पिटल सोडलं, तुझ्यामागे आधी स्लाउला आली, मग इथे. तेव्हा किती दिवस हवामान बघितलं होतंस?"

"आई..."

"आई नको. उत्तर दे."