वेलचीची पिल्लं

वेदिका हौसाबाईंची सून होऊन आली ती देवरूखकडून. माहेरी केळीची बाग, त्यात वाढलेली. सासरचं परस बघून तिला हसू आवरेना. वेलची केळ उंच वाढणारी, आणि हौसाबाईंनी ती ठेंगण्या बसराई केळीसारखी खेटून लावलेली. त्यात प्रत्येक बुंध्याभोवती बुडातून फुटलेल्या पिल्लांची गर्दी.

"आई, वेलचीला सात फूट तरी मोकळं लागतं. आणि पिल्लू एकच ठेवायचं. नाहीतर सगळीच अर्धपोटी राहतात."

"लेकुरवाळी केळ हाय ती," हौसाबाई म्हणाल्या. "तिची पोरं तोडू नयेत गो. घरात नवी सून असताना तर नायच नाय."

हे त्यांच्या आईचं म्हणणं. कुठल्या पोथीत नाही, कुणी पडताळून पाहिलेलं नाही, पण बाईंनी ते जिवापाड सांभाळलं होतं. वेदिकाने मात्र पहार घेतली, मधली मधली रोपं काढली, जादा पिल्लं उपटून टाकली. पुढच्या वर्षी असे भरलेले घड आले की हौसाबाईंनी स्वतः वाडीभर फण्या वाटल्या. सुनेचं कौतुक करताना तोंड दुखायचं बाकी होतं.

त्याच पावसाळ्यात वेदिकाला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, असं होतं, यात कुणाची चूक नसते. हौसाबाईंनी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र जेवणघरात बसून त्या बोलून गेल्या, "पिल्लां तोडू नको म्हणून सांगत होते."

सून हातातला तांब्या ठेवून खोलीत गेली. पुढे तिने मिरजोळ्याच्या एका कारखान्यात नोकरी धरली, आणि परसात पाऊल टाकणं सोडलं. हौसाबाईंना वाटलं, रुसली. रुसलेलं माणूस कधीतरी भांडतं, मग आपणही नमतं घेऊ, या भरवशावर त्यांनी चार वर्षं घालवली. माफी मागायला जीभ जराशी वळवायची, पण सासूची जीभ ती, वळते कसली. तिकडे केळीचं रान झालं. घड यायचे, पण केळी करंगळीएवढी आणि चवीला पाणचट. यंदा गणपतीपुढे ठेवायला फणी बाजारातून आणावी लागली, तेव्हा बाईंना रडू आलं.

एका रविवारी त्यांनी स्वतःच पहार घेतली. दुपारपर्यंत पिल्लं काढली आणि कंबर धरून सुनेला हाक मारली. वेदिका मागच्या दारात आली, पण उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"माझा चुकला गो," हौसाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. कितीदा मनात आलं, पण तू रुसलेली."

"मी रुसले नव्हते, आई."

"मग इकडे का येत नायस?"

वेदिका उपटून टाकलेल्या पिल्लांकडे बघत होती.

"डॉक्टरीणबाईंचं कळतं मला," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात तेच खरं वाटतं. अजून."