बोटभर उघडा पडदा

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून का बसलात? पुढे सरका. आजची गोष्ट मोठ्या आवाजात सांगवत नाही मला. राजाराणीची नाही ती, संतसज्जनांचीही नाही. वजनकाटे तपासणाऱ्या एका माणसाची आहे आणि त्याच्या बायकोची. हिच्यात एक कार्ड आहे, दोन उशा आहेत आणि एक पडदा. एवढंच सामान. पण ऐकून घरी जाल तेव्हा हात आपोआप खिडकीकडे जाईल, एवढं वचन देतो.

तर या गृहस्थांना सगळे काटेवाले म्हणत. मालाने भरलेला ट्रक कारखान्याच्या फाटकात ज्या काट्यावर चढवून तोलतात, तो काटा खरं बोलतो की थाप मारतो, हे बघणं त्यांचं काम. चारही कोपऱ्यांवर लोखंडी वजनं ठेवायची, आकडे बघायचे, मग शिक्का. मूठभर वजनाचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. कारखान्यातले लोक थट्टेनं म्हणत, "यांना काटा कशाला हवा, नुसते बघून सांगतील!"

आज या गावी, उद्या त्या. मुक्काम मात्र एकाच साखळीच्या, म्हणजे गावोगाव एकाच नावाच्या हॉटेलांत. कंपनीनंच ठरवून दिलेलं. आता देवाच्या दारी कधीही जा, पहिला आला आणि शेवटचा आला, सगळे सारखेच. माणसानं बांधलेल्या हॉटेलांचं तसं नसतं. तिथे पाहुण्यांच्याही पायऱ्या. थोड्या रात्री झोपलात तर रुपेरी कार्ड, जास्त झोपलात तर सोनेरी, आणि एका वर्षात साठ रात्री काढल्यात तर सगळ्यांत वरचं, काळं.

"सोन्याच्या वर काळं?" बायको म्हणाली. "हे कुठलं शास्त्र?"

"अगं, त्या कार्डावर सगळ्यांत चांगली खोली देतात. दोघांचा नाश्ता. दुपारी चारपर्यंत खोली सोडायची घाई नाही. आणि आपली आवडनिवड एकदा लिहून घेतली की कुठल्याही गावी जा, खोलीत सगळं आधीच मांडून ठेवतात. विचारतसुद्धा नाहीत."

"माझ्यासारखंच म्हणा की."

"तुझ्यासारखंच. पण ते मांडतात तेव्हा बोलून दाखवत नाहीत."

ती हसली. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यांचं समुद्रावर आहे का हो एखादं? खोलीतूनच दिसेल असा?"

होतं. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोल्या, भिंतीएवढी खिडकी, खाली समुद्र. पण त्या खोल्या काळ्या कार्डवाल्यांनाच. काटेवाल्यांनी त्याच दिवशी मनाशी गाठ मारली. बायकोनं उभ्या आयुष्यात काही मागितलं नव्हतं. लेक झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तरी हिचा मुक्काम त्याच दोन खोल्यांत. मागून मागितला तो समुद्र.

त्या वर्षी त्यांनी कुठल्या कामाला नाही म्हटलं नाही. लांबची गावं मागून घेतली. पण वर्ष संपत आलं, कारखाने सुट्टीसाठी बंद झाले आणि हिशेब अडला एकोणपन्नासावर. अकरा रात्री कमी. एक जरी कमी पडली तरी कार्ड सोनेरीच, पुढच्या वर्षी पुन्हा एकापासून मोजणी.

मग काटेवाल्यांनी जे केलं ते ऐका, आणि हसायचं तर आत्ताच हसून घ्या. त्याच साखळीचं एक हॉटेल त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. रोज संध्याकाळी घरी जेवायचं, बॅग उचलायची, दोन गल्ल्या चालून जायचं आणि तिथे जाऊन झोपायचं. सकाळी चहाला घरी हजर. शेजारीण जिन्यात गाठून हळूच विचारायची, "काय हो, भांडणबिंडण झालं का?" बायको आतून ओरडायची, "झालंय! जावयासारखे येतायत रोज चहाला!"

सहाव्या संध्याकाळी बॅग घ्यायला ते आत गेले, तर ती ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी. डोळे मिटलेले.

"काय गं?"

"काही नाही. पित्त झालंय."

"आज नाही जात मी."

"आणि एक रात्र कमी पडली तर? एवढं वर्षभर भटकलात ते पाण्यात? जा बघू. मला समुद्र बघायचाय."

तिच्या अंगठीवर दोरा गुंडाळलेला त्यांना दिसला. काही आठवणीत ठेवायचं असेल, असं वाटलं त्यांना. ते बॅग घेऊन गेले. उरलेल्या पाचही रात्री गेले.

कार्ड आलं महिन्याभराने, काळ्या मखमली डबीत. आणि त्याच आठवड्यात ती बाजारातून येताना जिन्यात बसली ती उठेचना.

डॉक्टरांनी कागद पुढ्यात ओढला आणि काटेवाल्यांना विचारलं, "वजन किती उतरलंय यांचं? कधीपासून?"

मूठभर फरक पकडणारा माणूस, पण त्याला सांगता येईना. बायकोच खाली बघत म्हणाली, "तीनेक महिने झाले असतील, डॉक्टर. अंगठी गळून पडायला लागली, म्हणून दोरा गुंडाळला. दुखायचं पण... यांचं थोडंच राहिलं होतं. म्हटलं, होऊ दे पुरं."

डॉक्टर भले होते. "आधी आला असतात तर," एवढंच म्हणाले आणि पुढचं गिळून टाकलं. काटेवाल्यांनी मात्र ते न बोललेलं सगळं ऐकलं.

आता पुढे काय करायचं ते तिनंच ठरवलं. म्हणाली, "इथे पडून छत बघायचं, त्यापेक्षा तिथे पडून समुद्र बघते."

निघायच्या आदल्या दिवशी समुद्रावरच्या हॉटेलातून फोन आला. काउंटरवरच्या बाई बोलत होत्या, आवाज मोठा मायाळू. "सर, तुमची आवड आमच्याकडे लिहिलेली आहे. लिफ्टपासून लांबची खोली, पातळ उशी, चहा बिनसाखरेचा. या खेपेला मॅडम बरोबर आहेत ना? त्यांना काय लागतं?"

तीस वर्षं एका अंथरुणावर काढलेली, पण तिला काय लागतं हे कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी फोनवर हात ठेवून तिला विचारलं.

ती आधी खूप हसली. हसताना पोट धरावं लागलं तिला. "तीस वर्षांनी विचारताय, तेही हॉटेलवाल्यांनी आठवण केली म्हणून! आणि बिनसाखरेचा काय? घरी दोन चमचे घेता की!"

"तू घालतेस म्हणून घेतो."

"अरे देवा. आणि तुम्हाला गोड आवडतो म्हणून मी घालते!"

फोनवर बाई थांबलेल्या.

"सांगा त्यांना," ती शेवटी म्हणाली. "दोन उशा. एक डोक्याला, एक पोटाशी धरायला. पायांवर शाल. आणि पडदा पुरा ओढू नका म्हणावं. बोटभर उघडा."

"पडदा का?"

"तुम्ही नसायचात ना. मध्येच जाग आली की कळायला हवं, उजाडायला किती राहिलंय ते."

काटेवाल्यांनी ते फोनवर जसंच्या तसं सांगितलं, फक्त शेवटचं सोडून. पलीकडे बाईंनी लिहून घेतलं.

तीन दिवस राहिले ते तिथे. तिनं समुद्र किती बघितला म्हणून सांगू! खिडकीशी खुर्ची लावून बसायची. नाश्त्याला खाली जाववेना, तर काउंटरवरच्या बाई स्वतः ट्रे घेऊन वर आल्या. सकाळी उठल्या उठल्या ती अंथरूण आवरून चादरीच्या सुरकुत्या काढायची. "अगं, त्याला माणसं आहेत," हे म्हणायचे. "त्यांनाही कंबर आहे," ती म्हणायची. आणि रोज सकाळी त्या बोटभर फटीतून उजेडाची एक रेघ आत येऊन तिच्या पांघरुणावर पडायची. काटेवाल्यांनी ती रेघ पहिल्यांदा बघितली. तोवर आपल्या घरातही ती रोज पडत होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

निघायच्या दिवशी चार वाजले. ती म्हणाली, "अहो, चारच्या पुढे नाही का ठेवत?"

काटेवाले खाली गेले. आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता, तो काउंटरवर टेकला. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बसू द्या त्यांना, सर. ती खोली आज कुणालाच दिलेली नाही." खरं होतं की खोटं, देव जाणे. सूर्य पाण्यात उतरेपर्यंत ती बसली.

दीड महिन्यानं ती गेली. घरी, दोन उशांवर, पडदा बोटभर उघडा असताना.

काटेवाले पुन्हा कामाला लागले. पहिलीच फेरी एका धुळकट कारखान्याच्या गावी. संध्याकाळी हॉटेलवर आले, खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले. पलंगाच्या उजव्या अंगाला दोन उशा. पायथ्याशी घडी केलेली शाल. पडदा बोटभर उघडा.

त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी वेगळं कळवलंही नव्हतं. ती गेली ही बातमी हॉटेलांच्या त्या नोंदीपर्यंत पोचलीच नव्हती. तिथे ती अजून सोबत येणार होती. काटेवाले आपल्या बाजूला, कडेला बसले. पलीकडे हात नेला नाही. सकाळी जाग आली तर रेघ पडलेली होती.

मग पुढच्या गावी तेच. त्याच्या पुढच्या गावी तेच. ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही अशी माणसं गावोगाव तिची उशी मांडत होती. पण ही व्यवस्था काळ्या कार्डालाच, हे ध्यानात घ्या. सोनेरीवर आलं की आवडीनिवडीचा रकाना कोरा. म्हणून पुढची दोन वर्षं गुडघे कुरकुरत असताना ते साठ रात्री भरत राहिले.

लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. ती फोनवर म्हणायची, "बाबा, आता थांबा. माझ्याकडे या." हे म्हणायचे, "एवढं वर्ष." एकदा तिचा तोल सुटला. "त्या कार्डापायी आई गेली, तरी तुमचा जीव त्यातच?" काटेवाल्यांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.

तिसऱ्या वर्षी कंपनीनं त्यांना सन्मानानं निरोप दिला. हार घातला, घड्याळ दिलं. त्या दिवशी मोजणी होती एक्कावन्न. वर्ष संपायला दोन आठवडे. आणि लेक सुट्टी काढून घरी आली, बापाजवळ दहा दिवस राहायला.

पहिल्या संध्याकाळी जेवणं झाली आणि काटेवाल्यांनी बॅग उचलली.

"कुठे निघालात?" लेकीनं विचारलं.

"येतो सकाळी चहाला."

लेक ओट्याकडे वळली आणि दोन्ही हातांनी ओटा धरून उभी राहिली, पाठमोरी. रडू आवरत होती ती. पण काटेवाल्यांना जे दिसलं ते वेगळंच होतं. हाच ओटा, असेच हात, अशीच हातातली बॅग आणि दाराशी उभे आपण.

बॅग खाली ठेवली त्यांनी.

"बस इथे," म्हणाले. "तुला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. अंगठीवरचा दोरा, फोनवरचं बोलणं, उशा, शाल, पडदा. लेक ऐकत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "जा बाबा तुम्ही. मी येते सोडायला. नऊच रात्री आहेत. आईची उशी मांडू दे त्यांना."

"नको," काटेवाले म्हणाले. "मांडलेली उशी बघायला तिकडे जायचं आणि जितं माणूस इथे एकटं ठेवायचं... एकदा केलंय मी ते."

गेले नाहीत. एकही रात्र गेले नाहीत. सकाळी लेकीनं चहा केला, त्यात दोन चमचे साखर घातली आणि ते गोड करून प्यायले.

नवं वर्ष लागलं आणि निरोप आला: आपण आता सोनेरी सदस्य आहात, धन्यवाद. पुढे लेकीकडे जाताना वाटेत एका रात्रीचा मुक्काम पडला. हॉटेल त्याच साखळीचं. दार उघडलं. पलंगाच्या मधोमध एकच उशी. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट ओढलेला. एवढ्या गावांच्या एवढ्या हॉटेलांतून ती एका रात्रीत निघून गेली होती. काटेवाल्यांना वाटलं, आपली बायको दुसऱ्यांदा गेली.

त्यांनी बॅग ठेवली, खिडकीशी गेले आणि पडद्याच्या कडेला बोट लावून ते मावेल एवढाच पडदा सरकवला.

मंडळी, आता ती कुठल्याच वहीत लिहिलेली नाही. काटेवालेही थकलेत; त्यांच्यानंतर कोण सरकवणार? म्हणून तुमच्याकडे पदर पसरतो. घरी जाल, निजण्याआधी पडदा ओढाल, तेव्हा पुरा ओढू नका. बोटभर राहू द्या. आणि तिची आठवण काढा, त्या बाईची, जिला मध्येच जाग आली की कळायला हवं असायचं, उजाडायला किती राहिलंय ते.