हेप्झिबाचा हात

"तारीख सांगा काकू. तारीख आणि वेळ."

प्रार्थनाघरात ऑर्किन फेल्प्सने मेजावर टिचकी मारली. हा फिरता उपदेशक बावीस वर्षांचा, पण आवाज असा की साऱ्या कनेक्टिकट वसाहतीच्या उद्धाराचा मक्ता त्याच्याकडेच असावा. तीन आठवड्यांत त्याने गावातल्या एकसष्ट माणसांना नवा जन्म मिळवून दिला होता. ज्याला त्या जन्माची वेळ सांगता येणार नाही, त्याला येशूच्या स्मरणार्थ पाव वाटला जातो त्या प्रभुभोजनाच्या मेजाशी जागा नाही, हा त्याचा नियम.

हेप्झिबा लूमिस बाकावरून उठली. "कसली तारीख?"

"तुमचं हृदय पालटलं त्या दिवसाची."

"ते एका दिवसात नाही झालं बाळा. रोज पहाटे थोडं थोडं. अजून चाललंय."

मागे कोणीतरी खुदकन हसले.

"पहिल्या जन्माची वेळ मला कुठे ठाऊक? आईला ठाऊक होती," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याची, ज्यानं दिला त्याला ठाऊक असेल."

"म्हणजे झालाच नाही!" फेल्प्स गरजला. "आणि असल्या हातांचा पाव तुम्ही एकतीस वर्षं मेजावर ठेवता?"

तेवढ्यात जेरुशा किंबल किंचाळून कोसळली. ही तिची चौथी खेप. दर वेळी ती नेमकी झाडलेली जागा बघून कोसळते, हे हेप्झिबाला माहीत होते, कारण प्रार्थनाघर झाडत होती तीच. जेरुशाचा नवा जन्म मंगळवारी सव्वातीनला झाला होता. तिच्या घरात घड्याळ नव्हते.

गावचे पाद्रीबुवा लंडनहून आलेली प्रकाशाची आणि ग्रहगोलांची नवी पुस्तके वाचत. "रक्त तापलंय लोकांचं, दुसरं काही नाही," असे ते घरी बायकोला सांगत. प्रार्थनाघरात मात्र त्या वेळी त्यांनी आपल्या केसांच्या टोपाची एकेक बट नीट केली.

हेप्झिबाला मागच्या बाकावर धाडले. प्रभुभोजनाचा पाव जेरुशाने केला. बाहेर करपलेला, आत कच्चा. एकसष्ट पुनर्जात जबडे तो चिकट गोळा डोळे मिटून चघळत राहिले. प्रार्थनाघराचा कारभार पाहणाऱ्या डीकन एलिहूच्या टाळूला तो असा चिकटला, की आभाराची प्रार्थना खोकल्यातच संपली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, एलिहू परसदाराने आला. हा हेप्झिबाचा दीर.

"वहिनी, भट्टी पेटवलीये ना?"

"माझ्यापुरती. मक्याची भाकर."

"गव्हाचं पीठ आणलंय. पाव तेवढा करून दे. जेरुशा घेऊन जाईल. कोणाला सांगू नकोस."

"अपवित्र हातांचा चालेल भावोजी?"

"तू तरी हट्टी. काहीतरी तारीख ठोकून दे ना! उद्या माझ्याशेजारी बसशील. मला कुठली आठवत होती?"

एलिहूने टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"खोटं बोलून प्रभूच्या ताटाला बसू?" ती म्हणाली. "पीठ ठेवा तिथं. पाव तुमच्यासाठी नाही करत मी."

तिने निखारे ओढले, भट्टी पुसून घेतली आणि बाही खांद्यापर्यंत सारून उघडा हात आत घातला. ओठांत स्तोत्र. चौथ्या ओळीला हाताला सोसेनासे झाले की आच बरोबर. जेरुशाला हे ठाऊक नव्हते. नुसत्या आरोळीने भट्टी तापत नाही. सूर्य मावळून कामाला बंदी असलेला शब्बाथ लागायच्या आत पाव फडक्यात गुंडाळून तयार होता.

दुसऱ्या दिवशी पाव मऊ निघाला. फेल्प्सने ताट उंच धरले. "नव्या हृदयाचे हात कसे ओळखू येतात, पाहा!"

जेरुशाने नम्रपणे हात पुढे केले. गोरे, गुळगुळीत, कोवळी सोनेरी लव जशीच्या तशी.

ताट पुढच्या बाकांवरून फिरून मागे न येता मेजावर गेले. हेप्झिबाचा हात कोपरापर्यंत लालसर झाला होता, त्यावरची लव केव्हाच जळून गेलेली. शेजारची म्हातारी वाकून बघू लागली. हेप्झिबाने बाही मनगटापर्यंत ओढली आणि डोळे मिटले.